दोन झाडांइतकं लांब

घरातली माणसं हल्ली हळू बोलायला लागली होती, आणि दत्तोबाला ते बरं वाटत नव्हतं.

आधी त्याला वाटलं, वळवाच्या वाऱ्यानं सगळ्यांचे घसे धरले असतील. चैत्र सरता सरता शहरावर असं वादळ उठलं होतं की मुशीराबादच्या लाकूडअड्ड्यामागच्या त्यांच्या दोन खोल्यांवरचा एक पत्रा उडून शेजारच्या गल्लीत पडला, आणि चुलीतली राख थेट देव्हाऱ्यातल्या विठोबाच्या नाकात गेली. पण धूळ बसली तरी ही कुजबुज काही बसेना. धाकटा भाऊ प्रतापराव आणि त्याची बायको त्रिवेणी अंगणातल्या मोरीपाशी काहीतरी बोलत असायची. दत्तोबा दारात आला की दोघं त्याच्याकडं बघायची, आणि गप्प. खुद्द त्याची बायको भामा, जिचं बोलणं एके काळी तीन घरांपलीकडे जायचं, तीसुद्धा आता भाकरी थापता थापता ओठांतल्या ओठांत पुटपुटायची.

"काय म्हणालीस?" तो विचारायचा.

"काय न्हाई!" ती म्हणायची. एवढं मात्र ती त्याच्या तोंडाकडं बघून जोरात म्हणायची.

माणसाला जे लपवायचं असतं ते तो 'काय न्हाई' मध्येच लपवतो, असं दत्तोबाचं मत होत चाललं होतं.

आणि लपवायचं काय असणार, हेही त्याला ठाऊक होतं. प्रतापला वेगळं निघायचं होतं.

उदगीरकडनं त्यांचा बाप खांद्यावर दोन मुठींची करवत घेऊन या शहरात आला होता. बाप थकल्यावर एका मुठीला दत्तोबा लागला, दुसरीला प्रताप. ओढताना एकानं "विठ्ठल" म्हणायचं, दुसऱ्यानं "रखुमाई". ती लय धरली की हात थकत नाहीत, करवत वाकडी जात नाही, आणि बापाच्या म्हणण्याप्रमाणं झाडालाही सद्गती मिळते. पुढं साखळी-करवतीचं मशीन आलं. मशीन दत्तोबानं हातात घेतलं, प्रतापनं दोर धरला. नाम मात्र चालूच राहिलं. मशीनच्या घरघराटावर आवाज चढवून दोघं भाऊ झाडाच्या दोन अंगांनी एकमेकांना नाम द्यायचे. कुणीतरी दत्तोबाला म्हणालंही होतं, की चाचा, कानात कापूस तरी घालत जावा. पण नाम चालू असताना कान झाकायचे नाहीत, ही बापाची शिकवण. कीर्तनात बसलेला माणूस कानात बोळे घालतो का?

असं सगळं नीट चाललेलं. मग गेल्या हिवाळ्यात जुनं मशीन बसलं. प्रताप सिकंदराबादेला कुठंतरी जाऊन झाडतोडीचं शिक्षण घेऊन आला, येताना नवं मशीन घेऊन आला, आणि त्या दिवसापासून दत्तोबाच्या हाताला काही काम उरलं नाही.

*

चिक्कडपल्लीत एका घराच्या आवारातला सोनमोहर वाऱ्यानं मुळासकट हलला होता. पाडायची परवानगी निघाली होती. सकाळीच दोघं भाऊ तिथं पोचले. प्रतापनं रिक्षातून एक पिशवी काढली आणि कपडे चढवायला लागला. जाड निळी पँट. तिच्यात म्हणे असे काही धागे भरलेले असतात, की साखळी मांडीला लागलीच तर ते तिच्यात गुंतून तिला जागच्या जागी धरतात. मग डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण, कानांवर दोन डबे.

"लगीन हाय का रं कुणाचं?" दत्तोबानं विचारलं.

प्रताप हसला. जाळीआड काहीतरी बोललाही. आता भावाशी बोलतानासुद्धा हा पडदा घेतो, दत्तोबाच्या मनात आलं.

मग प्रतापनं कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला दोन बोटांत धरून डोळ्यांसमोर लोंबती सोडली आणि एक डोळा मिटून झाडाकडं बघत राहिला.

"हे काय करायलास?"

"ओळंबा!" प्रताप जवळ येऊन मोठ्यानं म्हणाला. "झाड कुणीकडं कललंय ते बघायलाव."

एवढं झाल्यावर त्यानं झाड जिकडं पाडायचं त्याच्या मागच्या बाजूला, तिरक्या अशा दोन वाटा साफ केल्या. तिथल्या कुंड्या हलवल्या, विटा वेचल्या, एक गुंडाळलेली पाण्याची नळी उचलून भिंतीवर टाकली.

"अन हे?"

"पळायची वाट. झाड कलंडलं की मागं तिरकं सरकायचं. ती आधी काढायची, मग मशीन सुरू करायचं."

"आपल्या बापानं जिंदगीत पळायची वाट काढली न्हाई."

"म्हणून तर जिंदगीभर लंगडला, दादा."

 दत्तोबा पुढं होऊन दोर उचलायला वाकला, तर प्रतापनं त्याचा दंड धरला आणि गेटाकडं बोट केलं.

"तू भाईर जा. झाडाच्या दुप्पट लांब."

"काय?"

प्रतापनं झाडाची उंची हातानं दाखवली, मग दोन बोटं वर केली, मग पुन्हा गेट. नव्या माणसाला, मुक्या जनावराला दाखवावं तसं. दत्तोबा गेटाबाहेर गेला. तेवढ्यानंही भागलं नाही. प्रताप तिथनं हात हलवत राहिला, अजून मागं, अजून मागं, असं करत करत दत्तोबा रस्ता ओलांडून पानाच्या टपरीला टेकला तेव्हा कुठं हात थांबला.

टपरीवाला मियाँ जन्माचा ओरडणारा. "क्या चाचा, तमाशा देखने आए?"

"माझा भाऊ हाय तो."

"हौ? फिर तुम इधर कायकू?"

दत्तोबानं तंबाखू मळायला घेतली.

तिथनं त्याला सगळं दिसलं. प्रतापनं मशीन जमिनीवर ठेवून, मुठीत पाय रोवून सुरू करायची दोरी ओढली. आपण तर हातात लोंबतं धरून हिसका द्यायचो. पडायच्या बाजूला त्यानं आधी कलिंगडाची फोड काढावी तशी खाच काढली. मग पुन्हा मागं वळून बघितलं, चारी बाजूंनी बघितलं आणि मागनं पातं लावलं. पातं निम्म्याच्या पुढं गेल्यावर त्यानं चिरेत पिवळी पाचर ठोकली. आणि आणखी थोडं कापून, झाड अजून सोंडग्यावर, खालच्या खुंटावर, धरून असताना, मधली बोटभर पट्टी तशीच ठेवून मशीन बंद केलं! पाचरीवर दोन दणके घातले आणि आखलेल्या वाटेनं मागं सरकला. सोनमोहर सावकाश वाकला, म्हाताऱ्यानं उंबऱ्यावर बसावं तसा, आणि आडवा झाला.

पुरतं कापलंच नाही. दत्तोबा टपरीला टेकून विचार करत राहिला. ती पट्टी कशाला ठेवली? ह्यात काहीतरी मेख होती. विद्या होती. आणि ती मोठ्या भावाच्या नजरेला पडू नये म्हणून तर त्याला रस्त्यापलीकडं उभा केला नव्हता?

घरातली बाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. प्रतापला दिला, शेजारच्या वॉचमनला दिला. दत्तोबा तोवर गेटाशी पोचला होता. बाई त्याच्याकडं बघून तेलुगूत, सरका आजोबा म्हणून, म्हणाली, "जरुगंडि, तात्ता, जरुगंडि," आणि हातानं त्याला बाजूला सारत ट्रे घेऊन आत गेली.

प्रताप वाकून साखळीला कानस मारत होता. त्यानं हे बघितलं का नाही, कळलं नाही. बघितलं असेल तर फारच वाईट.

*

दोन दिवसांनी त्रिवेणीचा भाऊ बबलू आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, पंख्याच्या वाइंडिंगचं दुकान बंद पडल्यानं रिकामा. आल्या आल्या त्यानं दत्तोबाच्या पाया पडून "कसं काय, मोठे दाजी?" म्हटलं, ते दत्तोबाला नीट ऐकू आलं. मग तो प्रतापबरोबर अंगणात बसला आणि पुन्हा सुरू झाली ती कुजबुज. प्रतापनं मशीन मांडीवर घेतलं होतं. बबलूला पकड दाखवत होता. डावा अंगठा मुठीच्या खालनं पुरता गुंडाळायचा, असा. हा पुढचा ब्रेक. हे पात्याचं टोक, ह्या टोकानं कधी कापायचं न्हाई, टोक लागलं की मशीन तोंडावर उसळतं. दत्तोबाला शब्द कळत नव्हते, पण बोटं कळत होती. मला आजवर पकड दाखवली नाही. ह्याला दाखवतो.

त्यानं आत येऊन भामाला म्हटलं, "बघितलीस का जोडी?"

भामानं परातीतनं मान वर केली. बरंच काही बोलली. हातवारे केले, कपाळाला पीठ लागलं.

"हळू बोलून काय उपयोग? मला सांगायचंय का त्यांना ऐकू जाऊ द्यायचं न्हाई?"

भामानं त्याच्याकडं बघितलं, ओठ मिटले आणि परात पुढं ओढली.

ही पण त्यांच्यातली झाली, दत्तोबाला वाटलं.

त्या संध्याकाळी एकादशीचं कीर्तन होतं. वर्षानुवर्षं तो मागं खांबाला टेकून बसायचा. अलीकडं पखवाजवाल्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायला लागला होता. पखवाजाची थाप सतरंजीतनं मांडीत यायची, मांडीतनं छातीत, आणि मग देव आल्यासारखं वाटायचं. बुवांचं मात्र काही खरं नव्हतं. उभे राहायचे, वीणा सावरायचे, हात पसरायचे, डोळ्यांतनं पाणी काढायचे, आणि आवाज? पातळ ताकासारखा. माइकवाला तरी कंजूष, नाहीतर बुवांनी तरी आता घरी बसावं. मध्येच सगळं देऊळ हसलं. दत्तोबाही हसला, पण थोडा उशिरा, आणि समोरच्या दोघांनी वळून बघितलं. ते आपल्याला हसले, असा संशय त्याच्या मनात जो शिरला तो आरती झाली तरी निघाला नाही. पांडुरंगापुढं डोकं टेकून तो एवढंच म्हणाला, की बाबा, घर फुटायलंय माझं. माझी मूठ माझ्या हातातनं काढून घ्यायलेत. तुला तरी दिसतंय ना?

*

सिकंदराबादेच्या बाजूला सुनंदाबाई म्हणून एक बाई राहायच्या. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून काम करून आता घरी बसलेल्या. त्यांच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या कडेनं निलगिरीची उंच रांग होती आणि वादळानं त्यातली चार-पाच झाडं कंपाउंडवर कलवली होती. तिघं सकाळीच गेले: प्रताप, बबलू आणि दत्तोबा. दत्तोबाला कुणी चल म्हटलं नव्हतं. तो आपणहून रिक्षात बसला होता.

बबलूच्या अंगावर नवी कोरी जाड पँट होती.

प्रतापनं जागा वाटून दिल्या. बबलूला डावीकडं, मोकळ्या मातीत. दत्तोबाला पार टोकाला, नळापाशी. हातवारे तेच. दत्तोबा गेला. नळ थेंब थेंब गळत होता. ऊन चढलं होतं आणि निलगिरीच्या पानांचा उग्र वास डोळ्यांत जात होता. त्याला आपले हात दिसत होते, मांडीवर ठेवलेले, घट्टे पडलेले, रिकामे.

प्रतापनं ओळंबा बघितला. दोन वाटा काढल्या, पाचोळासुद्धा पायानं सारला. खाच घेतली. मग उभा राहून बबलूकडं बघितलं; बबलूनं हात वर केला. दत्तोबाकडं बघितलं, दत्तोबानंही केला. प्रतापनं पाठ वळवली आणि मागनं पातं लावलं.

तेव्हा दत्तोबा उठला.

त्याला फक्त बघायचं होतं. ती पट्टी. किती जाड ठेवतो, कशी ठेवतो, एकदा जवळनं बघितली की झालं. माझ्या बापाच्या धंद्यातलं मला न कळणारं असं काय आहे ह्याच्यात? तो चालायला लागला, आणि चालायला सगळ्यांत सोपी जी वाट समोर दिसली ती त्यानं धरली. खडा नाही, फांदी नाही, झाडून ठेवल्यासारखी. तिरकी, थेट प्रतापच्या पाठीशी जाणारी.

बबलूनं हात हलवला. दत्तोबानं बघितलं. मग बबलूनं दोन्ही हात हलवले, तोंड उघडलं, जागच्या जागी उड्या मारल्या. कालचा आलेला मला हाकलतो! दत्तोबाच्या पायांत जोर आला. बबलूनं डोक्यावरची टोपी काढून प्रतापच्या दिशेनं फेकली. ती वाऱ्यानं भलतीकडंच गेली. प्रताप पाचरीवर घाव घालत होता. शेंडा हलला. प्रतापनं मान वर करून शेंडा बघितला आणि मशीन उचलून निघायला म्हणून मागं वळला.

दोघं भाऊ हातभर अंतरावर समोरासमोर उभे होते.

जाळीआड प्रतापचे डोळे दत्तोबाला दिसले. असे डोळे त्यानं बाप गेला तेव्हा बघितले होते. मशीन खाली पडलं. प्रतापनं डोकं खाली घातलं आणि बैलानं धडक द्यावी तशी दत्तोबाच्या छातीत दिली. दोघंही त्या साफ वाटेवरनं मागं धडपडत गेले. निलगिरी एवढ्यात यायला हवी होती. पण ती आली नाही. सोंडग्यावरच्या त्या बोटभर पट्टीनं तिला धरून ठेवली होती. दाराला बिजागरीनं धरावं तशी ती पट्टी झाडाला सावकाश, ठरल्या बाजूला, वाकवत होती. दोघांना सात-आठ पावलं मागं पोचायला तेवढा अवकाश पुरला. मग पट्टी तुटली. बुंधा सोंडग्यावरनं उसळला, मागं फेकला गेला आणि जिथं दत्तोबा उभा होता तिथली माती उकरून पडला.

दत्तोबा पाठीवर होता. जमिनीनं त्याच्या बरगड्यांत एक ठोसा दिला. रांगेतले सगळे कावळे एकदम आभाळात गेले. धूळ उडाली, पानं उडाली. आणि त्यात आवाज नव्हता. देवळातल्या सतरंजीखालनं यावा तसा एक दबका धक्का, बस्स. साठ फुटांचं झाड त्याच्या पायापाशी पडलं होतं आणि ते पडताना भामासारखंच ओठांतल्या ओठांत पुटपुटलं होतं.

प्रतापनं शिरस्त्राण उपटून फेकलं. गुडघ्यांवर येऊन तो दत्तोबावर वाकला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, तोंडातनं थुंकी उडत होती.

दत्तोबा म्हणाला, "हळू कामून बोलायलास? शिव्या द्यायच्यात तर जोरात दे की, मर्दासारख्या!"

प्रतापचं तोंड उघडंच राहिलं.

दत्तोबानं इकडं तिकडं बघितलं. रस्त्यावर एक स्कूटरवाला थांबला होता. समोरच्या गच्चीवर दोन बायका वाळत घातलेले कपडे हातात धरून उभ्या होत्या. सुनंदाबाई घरातनं धावत येत होत्या. कोपऱ्यातलं कुत्रं शेपूट घालून भिंतीमागं पळालं होतं. सगळे प्रतापकडं बघत होते. एवढ्या लांबनं, सगळे.

प्रतापनं त्याच्या कानाला तोंड लावलं. "दादा," तो म्हणाला, आणि आता आवाज आला, लहानपणी विहिरीत उतरलेल्या प्रतापचा यायचा तसा, खोल. "दादा, तुला ऐकू येत न्हाई."

*

सुनंदाबाईंनी त्याला नळाखाली तोंड धुवायला लावलं, पाणी पाजलं, खरचटलेल्या कोपराला औषध लावलं. मग कानाशी येऊन त्यांनी एक-एक शब्द सुटा करून विचारलं, "मशीन किती वर्षं चालवलंत? कानांत काही घालत होता का?"

"नाम चालू असायचं, बाई. कान कसे झाकायचे?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी औषधाच्या बाटलीचं बूच लावलं. "गेलंय ते परत यायचं नाही," त्या म्हणाल्या. "उरलंय ते सांभाळा. दाखवून घ्या कुणाला तरी."

प्रताप शेजारी उकिडवा बसला होता. दत्तोबानं त्याच्याकडं न बघता विचारलं, "कधीपासनं ठावं होतं तुला?"

"मागच्या साली. मशीन बंद कर म्हणून ओरडायलाव, तू करंनास. मला वाटलं रागावलास. मग ध्यानात आलं." प्रताप त्याच्या कानात बोलत होता, श्वास गरम लागत होता.

"सांगायचं न्हाई?"

"थोरल्या भावाला? कोणत्या तोंडानं सांगू? वहिनी म्हणाली सांग, त्रिवेणी म्हणाली सांग. रोज ठरवायलाव, रोज तू दारात आलास की जीभ आत जायची."

"म्हणून ह्याला आणलास. माझ्या जागी."

प्रतापनं बबलूकडं बघितलं. बबलू लांब उभा राहून आपली टोपी झटकत होता, ती पुरेशी झटकून झाली असली तरी.

"हौ," प्रताप म्हणाला. "तुझ्या जागी आणला."

संशय खरा निघाला तर बरं वाटतं, असं दत्तोबाला आजवर वाटत आलं होतं. तसं काही वाटलं नाही.

त्या दिवशी पुढं काम झालं नाही. संध्याकाळी भामा त्याच्याजवळ येऊन बसली, त्याचा कान दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला आणि त्यात तोंड घातलं.

"आता ऐका! वर्षाचं साठलंय माझं!"

"तुला ठावं होतं?"

"आधी वाटलं, मुद्दाम करायलात. कोणत्या नवऱ्याला बायकोचं ऐकू येतं? पण मग देवळात बी तसंच व्हायलं, तवा भ्याले." तिचा आवाज मध्येच अडकला, का त्याच्या कानातच अडकला, कुणाला ठाऊक. "मी रोज बोलायले, अवं. रोज. भाकरी थापता थापता सगळं सांगायले. तुम्ही म्हणायलात, काय म्हणालीस. किती येळा तेच तेच सांगावं माणसानं?"

दत्तोबा तिच्याजवळ आणखी सरकला. मग म्हणाला, "आता सांग. पहिल्यापासनं."

आणि तिनं खरंच पहिल्यापासनं सुरुवात केली.

*

दुसऱ्या दिवशी रिक्षाशी तो सगळ्यांच्या आधी उभा होता. प्रतापनं त्याला बघून मान हलवली, नको म्हणून.

"एक सांग," दत्तोबा म्हणाला. "मशीन चालू. कानावर ते डबे. काल हा बबलू एवढा ओरडला, तुला ऐकू आलं?"

प्रतापनं मान हलवली. नाही.

"टोपी फेकली, ती दिसली?"

नाही.

"मग झाडापाशी तू बी बहिराच की रं. एक बहिरा झाडाशी, एक बहिरा लांब. त्याच्यात ओरडणारा काय कामाचा?"

बबलूला हसू आलं. त्यानं ते तोंड फिरवून गिळलं. प्रताप हसला नाही. तो विचार करत होता. तो विचार करायला लागला की लहानपणापासून त्याचा खालचा ओठ पुढं यायचा, तो आता आला होता.

"शिकवताना त्यांनी हाताच्या खुणा सांगितल्या होत्या," तो कानाशी येऊन म्हणाला. "पण तू कालच्यासारखा..."

"कालच्यासारखा येणार न्हाई. तुझी वाट तुझी. विठोबाची आण."

प्लॉटवर पोचल्यावर खुणा ठरल्या. एक हात सरळ वर, म्हणजे थांब, काय वाटेल ते झालं तरी थांब. दोन्ही हात आडवे, म्हणजे चालू दे. प्रतापनं दर थोड्या कापण्यानंतर मान वळवून दत्तोबाकडं बघायचं आणि तिथनं हात आडवे झाल्याशिवाय पुढं पातं लावायचं नाही. बबलूनं पाचरी द्यायच्या आणि फांद्या ओढायच्या. प्रतापनं झाडाची उंची दाखवली, दोन बोटं वर केली. दत्तोबा आपणहून नळाच्याही पलीकडं जाऊन, मोकळ्यात, प्रतापला समोर दिसेल असा उभा राहिला.

पुढचं झाड रांगेत सगळ्यांत उंच होतं. प्रतापनं खालनं त्याला निरखलं, ओळंबा बघितला, वाटा काढल्या, खाच घेतली. मग मान वळवली. दत्तोबानं हात आडवे करायला उचलले, आणि थांबला.

सवयच तशी पडली होती. गेले कित्येक दिवस तो माणसांच्या ओठांकडं, हातांकडं, भुवयांकडं बघत आला होता, ह्यात काय लपलंय, त्यात काय लपलंय म्हणून. आता समोर माणसं नव्हती, झाड होतं; पण नजर तीच होती. आणि झाडात काहीतरी बरोबर नव्हतं. वाऱ्याची झुळूक आली की शेंडा डावीकडं जात होता, सगळी पानं डावीकडं जात होती, आणि मधला एक झुपका मात्र जात नव्हता. तो उशिरा जात होता. आपल्या स्वतःच्या वजनानं, एखाद्या परक्यासारखा. दत्तोबानं डोळ्यांवर हात धरला. वादळात मोडलेली मांडीएवढी जाड फांदी, पानं अजून हिरवी, दोन फाट्यांत नुसती अडकून बसलेली. बुंध्याशी उभं राहिलं तर पानांच्या आड ती दिसण्यातली नव्हती. बरोबर प्रतापच्या डोक्यावर होती.

त्यानं एक हात सरळ वर केला.

खाली प्रतापनं शेंड्याकडं बघितलं. त्याला काही दिसलं नसणार. त्यानं पुन्हा दत्तोबाकडं बघितलं. बबलू हातात पाचर घेऊन उभा होता. त्यानं प्रतापला काहीतरी विचारलं. प्रतापनं बटण दाबलं. मशीनचा निळसर धूर थांबला. फिरताना एकच रेघ दिसणाऱ्या साखळीचे दात एकेक, सुटे, दिसायला लागले. मग प्रतापनं बबलूचा दंड धरला आणि दोघं झाडापासून लांब, साफ केलेल्या वाटेनं मागं मागं सरकत गेले.

ते उन्हात पुरते मोकळ्यात पोचले, तरी दत्तोबानं आणखी थोडा वेळ हात खाली घेतला नाही. आपला हात वर असेपर्यंत प्रताप खरंच थांबतो का, हे त्याला बघायचं होतं.